पीएचपीमध्ये मराठी मजकूर शोधणे, बदलणे आणि पडताळणे: क्रम चुकला की यादी बिघडते

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतील गावांच्या, सभासदांच्या आणि पत्त्यांच्या याद्या पीएचपी या संगणकीय भाषेने साफ करून देण्याचे काम मी करतो. या कामात मला पुन्हा पुन्हा एकच चूक दिसते. यादी हाती येताच मंडळी थेट शोध आणि बदल सुरू करतात, आणि पडताळणी शेवटी, जमल्यास करतात. प्रत्यक्षात क्रम उलटा हवा. मजकुराची नोंद दारातच तपासावी, तिला एका ठरलेल्या रूपात आणावे, मग तिची पडताळणी करावी, आणि त्यानंतरच तिच्यात काही शोधावे किंवा बदलावे. हा क्रम न पाळल्यास फंक्शन बरोबर असूनही उत्तर चुकीचे येते, आणि दोष मात्र पीएचपीच्या माथी जातो.

या लेखात फंक्शनांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. कोडमध्ये ती रोमन लहान अक्षरांत आणि दाखवलेल्या अधोरेषांसह लिहावीत.

## पूर्वतयारी

प्रथम मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवावी आणि तिला पुन्हा हात लावू नये. त्यानंतर सर्व्हरवर एमबीस्ट्रिंग आणि इंटल ही दोन्ही एक्स्टेन्शन, म्हणजे बहुबाइट आणि युनिकोड मजकूर हाताळणाऱ्या पीएचपीच्या पूरक जोडण्या, सुरू आहेत का, ते पाहावे. स्वस्त होस्टिंगवर इंटल बंद असू शकते आणि त्याच्याविना टप्पा २ मधील नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच चिन्हाची वेगवेगळी रूपे एक करणे, जमत नाही. पीएचपीची आवृत्तीही पाहावी. स्ट्र_कंटेन्स, स्ट्र_स्टार्ट्स_विथ आणि स्ट्र_एंड्स_विथ ही फंक्शन ८.० पासून आहेत, तर एमबी_ट्रिम ८.४ पासून आहे.

डेटाबेसमध्ये प्रत्येक मजकुरासाठी दोन स्तंभ ठेवावेत. एकात माणसाने लिहिलेला मूळ मजकूर जसाच्या तसा असावा आणि दुसऱ्यात त्याचे शोधरूप, म्हणजे सर्व सफाई झालेले रूप असावे. शोध नेहमी शोधरूपात घ्यावा, पण पडद्यावर आणि छापील पावतीवर मूळ मजकूर दाखवावा. जागा थोडी जास्त लागते, परंतु सफाईचा एखादा नियम चुकीचा ठरला तर मूळ मजकुरावरून शोधरूप पुन्हा तयार करता येते. हा एक निर्णय बाकीच्या सर्व चुका भरून निघण्याजोग्या करतो, म्हणून मी त्यावर अडून बसतो.

## टप्पा १: बाइट तपासणे

पीएचपीची स्ट्रिंग ही बाइटांची माळ असते, तिला अक्षरे ठाऊक नसतात. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड चिन्हे बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत, देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, आणि मात्रा, अनुस्वार व हलन्त हीसुद्धा स्वतंत्र चिन्हे असतात. ‘जळगाव’ या शब्दात ज, ळ, ग, काना आणि व अशी ५ चिन्हे आहेत. म्हणून स्ट्रलेन १५ सांगते, एमबी_स्ट्रलेन ५ सांगते आणि ग्राफीम_स्ट्रलेन ४ सांगते, कारण ‘गा’ हे आपल्या दृष्टीने एकच अक्षर आहे. तिन्ही उत्तरे बरोबर आहेत, मात्र त्यांचे प्रश्न वेगळे आहेत. नावाची कमाल लांबी २० ठेवून ती स्ट्रलेनने मोजणाऱ्या अर्जात ‘नंदुरबार’ बसत नाही, कारण त्याचे २४ बाइट होतात.

आलेली प्रत्येक ओळ एमबी_चेक_एन्कोडिंगमधून यूटीएफ-८ म्हणून तपासावी. जी ओळ नापास होईल ती वेगळ्या फाइलमध्ये काढावी आणि पुढे जाऊ देऊ नये. सीएसव्ही फाइलच्या अगदी सुरुवातीला तीन बाइटांची अदृश्य बॉम खूण असू शकते, ती आधी काढावी. ती राहिली तर पहिल्या स्तंभाचे नाव डोळ्यांना बरोबर दिसते, पण तुलनेत कधीच जुळत नाही.

सावधान: फाइलमध्ये देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हे दिसत असतील तर ती एक्सेलमधून चुकीच्या प्रकाराने साठवली गेली आहे. तो मजकूर गेला, तो कोणत्याही फंक्शनने परत येत नाही. मूळ एक्सेल फाइल मागवावी आणि ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा प्रकार निवडून पुन्हा साठवावी. तसेच जुन्या कृतिदेव किंवा श्रीलिपी फाँटमधील मजकूर पडद्यावर मराठी दिसला तरी आतून युनिकोड नसतो. असा मजकूर आधी परिवर्तकातून काढावा, कारण यूटीएफ-८ ची तपासणी तो बिनबोभाट पास होऊ शकतो.

## टप्पा २: एका रूपात आणणे

मराठी याद्यांत सर्वाधिक वेळ याच टप्प्यात जातो आणि घाईत हाच टप्पा गाळला जातो. एकच शब्द डोळ्यांना सारखा दिसूनही आतून वेगवेगळा असू शकतो. ‘शेतकऱ्यांची’ या शब्दातील ऱ तीन प्रकारे टंकित होतो: यू+०९३१ (हा त्याचा युनिकोड क्रमांक) हे एकच चिन्ह, र आणि त्याखाली नुक्ता, म्हणजे टिंब, अशी दोन चिन्हे, किंवा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह यू+२००डी. पहिले दोन प्रकार नॉर्मलायझर वर्गाच्या ‘फॉर्म सी’ने एक होतात. तिसरा प्रकार मात्र होत नाही, तो आपल्यालाच हाताळावा लागतो.

येथे क्रम अत्यंत महत्त्वाचा आहे. अदृश्य चिन्हे नकोत म्हणून पुष्कळ जण ती सरसकट काढून टाकतात. मग सातपुड्याच्या ‘दऱ्या’ एका क्षणात ‘दर्या’ होतात, डोंगरातून थेट समुद्रात. पुढील क्रम पाळावा:

१. नॉर्मलायझर फॉर्म सी चालवावा. उत्तर फॉल्स, म्हणजे खोटे, आले तर ओळ टप्पा १ मधून निसटली आहे असे समजून ती बाजूला काढावी.

२. र, हलन्त आणि जोडचिन्ह ही तिन्ही जिथे सलग येतात तिथे ऱ आणि हलन्त ठेवावे.

३. त्यानंतरच उरलेली जोडचिन्हे आणि विलगचिन्हे, म्हणजे यू+२००डी व यू+२००सी, काढावीत.

४. ‘ॲ’ची रूपे एक करावीत. काही कळफलक ‘ॲ’ हे एकच चिन्ह देतात, काही अ आणि त्यावर चंद्र देतात, काही ‘ऍ’ देतात. फॉर्म सी यांना एक मानत नाही.

५. शोधरूपात देवनागरी अंकांचे इंग्रजी अंक करावेत. यासाठी दहा जोड्यांचा ॲरे देऊन स्ट्रटीआर वापरावे.

६. कडेच्या मोकळ्या जागा काढाव्यात आणि मधल्या एकाहून अधिक जागांची एक करावी.

सहाव्या पायरीत एक खोल खड्डा आहे. साधे ट्रिम फंक्शन वेबपानावरून चिकटवलेली न तुटणारी मोकळी जागा, यू+००ए०, काढत नाही. म्हणून काही जण ती ट्रिमच्या दुसऱ्या आर्ग्युमेंटमध्ये लिहितात. ट्रिम ती जागा एक चिन्ह मानत नाही, तिचे दोन सुटे बाइट मानते, आणि त्यांपैकी एक बाइट ‘ठ’ या अक्षराच्या शेवटीही असतो. परिणामी ‘तापीकाठ’ या शब्दातील ठ अर्धवट कापला जातो आणि शेवटी चौकोनी खूण उरते. दंड काढण्यासाठी ट्रिमला ‘।’ दिल्यास तर मराठी ओळीचे पहिलेच अक्षर फुटते, कारण दंडाचे बाइट आपल्या अक्षरांच्या सुरुवातीच्या बाइटांशी जुळतात. देवनागरी किंवा कोणतेही बहुबाइट चिन्ह साध्या ट्रिमला कधीही देऊ नये. आवृत्ती ८.४ असल्यास एमबी_ट्रिम वापरावे, अन्यथा पॅटर्नने बदल करणाऱ्या प्रेग_रिप्लेसला यू खुणेसह (पॅटर्नच्या शेवटी लिहायचे, मजकूर यूटीएफ-८ म्हणून वाचायला सांगणारे अक्षर) मोकळ्या जागांचा युनिकोड वर्ग द्यावा.

तपासणी: ‘दऱ्या’, ‘तापीकाठ’, ‘ॲड’ आणि ‘४२५२०१’ या चार नोंदी शक्य त्या सर्व रूपांत टंकित करून एका चाचणी फाइलमध्ये ठेवाव्यात. सफाईनंतर प्रत्येकीचे एकच रूप उरले पाहिजे. सफाई दोनदा चालवली तरी उत्तर बदलता कामा नये.

## टप्पा ३: पडताळणी

पडताळणी म्हणजे मजकुराचा आकार तपासणे. मजकूर खरा आहे की नाही हे तिच्याने कळत नाही, म्हणून नियम लिहिताना हा भेद डोळ्यांसमोर ठेवावा.

नावासाठी पॅटर्न लिहिताना इंग्रजी वर्णमालेच्या पट्ट्याची नक्कल करून चौकोनी कंसात ‘अ-ज्ञ’ असे लिहिण्याची पद्धत फार पसरलेली आहे. ती चुकीची आहे. ‘ज्ञ’ हे एक चिन्ह नाही, ते ज, हलन्त आणि ञ आहे. त्यामुळे यंत्राला ‘अ ते ज, शिवाय हलन्त, शिवाय ञ’ एवढेच समजते, आणि ‘जळगाव’मधील ळ, काना आणि व तिन्ही नापास होतात. योग्य पॅटर्नमध्ये दोन युनिकोड वर्ग असतात. अक्षरांचा वर्ग म्हणजे बॅकस्लॅश, लहान पी आणि महिरपी कंसात मोठा एल, आणि मात्रा-अनुस्वारांचा वर्ग म्हणजे तसेच लिहून कंसात मोठा एम. यांच्यासोबत मोकळी जागा, टिंब आणि संयोगचिन्ह यांना परवानगी द्यावी. पॅटर्नच्या शेवटी यू खूण हवीच.

शब्दवर्ग, म्हणजे बॅकस्लॅश आणि लहान डब्ल्यू, यावर भिस्त ठेवू नये. यू खूण असूनही काना, वेलांटी, ओकार अशा मात्रा त्यात येत नाहीत.

पॅटर्नच्या शेवटी डॉलर चिन्ह लावण्याची सवय असेल तर तिच्या जागी बॅकस्लॅश आणि लहान झेड लावावे. डॉलर चिन्ह शेवटच्या नव्या ओळीच्या आधीही जुळते, त्यामुळे ‘425201’पुढे दडलेली नवी ओळ पास होते आणि पुढे निर्यातीच्या वेळी ओळ तुटते.

अंकांबाबत सांगायचे तर सीटाइप_डिजिट आणि इज_न्युमेरिक देवनागरी अंक स्वीकारत नाहीत, आणि ‘४२५’चे पूर्णांकात रूपांतर केल्यास ० मिळते. उलट यू खूण असलेला पॅटर्न बॅकस्लॅश-डी या वर्गात देवनागरी अंकही स्वीकारतो. एका फंक्शनने नाकारलेले दुसऱ्याने पास करावे, असा घोळ यातून होतो. टप्पा २ मध्ये अंक एकरूप केलेले असतील आणि पॅटर्नमध्ये शून्य ते नऊ असा स्पष्ट पट्टा लिहिला असेल तर हा प्रश्नच राहत नाही.

पिन कोडसाठी सहा अंक असावेत आणि पहिला अंक शून्य नसावा. खानदेशातील पिन ४२४ किंवा ४२५ ने सुरू होतात, पण हा नियम नोंद नाकारण्यासाठी वापरू नये. सभासद सुरतेला किंवा पुण्याला राहत असू शकतो. अशा नोंदीला फक्त ‘पाहून घ्या’ अशी खूण करावी. मोबाइल क्रमांकातून मोकळ्या जागा, संयोगचिन्हे आणि सुरुवातीचा देशाचा ९१ काढल्यावर दहा अंक उरले पाहिजेत आणि पहिला ६ ते ९ मधला असला पाहिजे. बँक खाते क्रमांक कधीही पूर्णांकात बदलू नये, कारण सुरुवातीची शून्ये जातात. एक्सेलमध्ये तो आधीच घातांकाच्या रूपात गेला असेल तर शेवटचे अंक गमावलेले असू शकतात. तो दुरुस्त करण्याच्या फंदात न पडता पासबुकावरून पुन्हा घ्यावा.

ईमेलसाठी स्वतःचा पॅटर्न रचू नये, फिल्टर_व्हार वापरावे. त्याच फंक्शनने पूर्णांक तपासताना उत्तराची तुलना तीन बरोबर चिन्हांनी फॉल्सशी करावी, कारण ० हेही वैध उत्तर आहे. एम्प्टीही इंग्रजी ‘0’ला रिकामे मानते. बागायती क्षेत्र शून्य लिहिणारा शेतकरी ‘माहिती अपूर्ण’ या यादीत जातो तो यामुळेच.

## टप्पा ४: शोध

फक्त आहे की नाही एवढेच विचारायचे असेल तर स्ट्र_कंटेन्स वापरावे. ते खरे किंवा खोटे एवढेच सांगते, त्यामुळे गैरसमजाला जागा राहत नाही. जुन्या आवृत्तीत स्ट्रपॉस वापरावे लागते आणि तिथे नेहमीचा घात होतो. ‘नेर, ता. धुळे’ या पत्त्यात ‘नेर’ शोधल्यास स्ट्रपॉस ० देते, कारण शब्द पहिल्याच जागी आहे. इफ या अटीमध्ये ते ० खोटे ठरते आणि गाव सापडले नाही असे दिसते. तुलना फॉल्सशी आणि दोन बरोबर चिन्हे असलेल्या नकारानेच करावी.

शोधायचा शब्द रिकामा असेल तर स्ट्र_कंटेन्स ‘खरे’ असे उत्तर देते. म्हणून शोधचौकटीतून आलेला शब्द टप्पा २ च्या सफाईतून काढून, तो रिकामा नाही हे आधी पाहावे. शोधशब्दाची सफाई केलीच नाही तर शोधरूपाचा स्तंभ ठेवण्याला काही अर्थ उरत नाही.

स्ट्रपॉसने दिलेली जागा बाइटांत असते. ‘अमळनेर’मध्ये ‘नेर’ ९ व्या जागी सापडते, तर एमबी_स्ट्रपॉस ३ सांगते. एकाची जागा घेऊन दुसऱ्या जातीच्या फंक्शनने कापल्यास शब्द भलत्याच ठिकाणी तुटतो. मजकूर कापताना ग्राफीम_सबस्ट्र वापरल्यास मात्रा अक्षरापासून वेगळी होत नाही. मात्र ‘मुक्ताईनगर’मधील ‘क्ता’सारखे जोडाक्षर एक मोजायचे की दोन, हे सर्व्हरवरील आयसीयूच्या, म्हणजे इंटल ज्यावर चालते त्या युनिकोड लायब्ररीच्या, आवृत्तीवर अवलंबून असते. युनिकोड १५.१ मध्ये, २०२३ साली, जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम आला. म्हणून चाचणी ज्या सर्व्हरवर काम चालणार त्यावरच घ्यावी.

आता याच ‘नेर’चा पुढचा प्रश्न पाहावा. तो शब्द अमळनेर, जामनेर आणि थाळनेर यांच्या पोटातही आहे. पूर्ण शब्द हवा म्हणून बॅकस्लॅश-बी ही शब्दसीमा लावली जाते. ती या उदाहरणात चालते, पण मराठीत ती भरवशाची नाही, कारण तिची व्याख्या वर सांगितलेल्या शब्दवर्गावर बेतलेली आहे आणि काना तिला शब्दाबाहेरचा वाटतो. ‘जळगाव व भुसावळ’ या मजकुरात शब्दसीमा लावून ‘व’च्या जागी ‘आणि’ घालून पाहावे. उत्तर येते ‘जळगाआणि आणि भुसावळ’. यू खूण काढून टाकली तर देवनागरी शब्दाभोवती सीमा सापडतच नाही आणि काहीही जुळत नाही.

यावर उपाय असा, की सीमा आपणच सांगावी. शब्दाच्या मागे अक्षरवर्गातील किंवा मात्रावर्गातील चिन्ह नसावे अशी नकारात्मक मागची अट, आणि पुढेही नसावे अशी नकारात्मक पुढची अट लावावी. वापरकर्त्याने दिलेला शब्द पॅटर्नमध्ये घालण्यापूर्वी प्रेग_क्वोटमधून काढावा आणि आपण पॅटर्नच्या दोन्ही टोकांना वापरत असलेले सीमाचिन्ह त्याला दुसरे आर्ग्युमेंट म्हणून द्यावे. गट क्रमांकात तिरपी रेघ असतेच, आणि ती सीमाचिन्हाशी जुळली की पॅटर्न मोडतो.

अहिराणी बोलणाऱ्या भागातून आलेल्या नोंदींत ळच्या जागी य सापडतो, जसे ‘धुळे’चे ‘धुये’. त्यासाठी ळ आणि य यांना सरसकट एक मानू नये, नाहीतर ‘यावल’सुद्धा बिघडेल. गावांच्या पर्यायी रूपांचा एक छोटा तक्ता ठेवावा आणि त्यात नवे रूप माणसाने पाहूनच घालावे. बोलीतले रूप मूळ स्तंभात तसेच राहू द्यावे, ते लिहिणाऱ्याचे आहे.

## टप्पा ५: बदल

ठरलेल्या शब्दांच्या जागी ठरलेले शब्द घालायचे असतील तर रेग्युलर एक्सप्रेशनकडे, म्हणजे वरच्यासारख्या पॅटर्नकडे, वळू नये. पण स्ट्र_रिप्लेस आणि स्ट्रटीआर यांतला फरक मात्र समजून घ्यावा. स्ट्र_रिप्लेसला ॲरे दिल्यास ते एकेक बदल क्रमाने करते आणि आधीच्या बदलाच्या उत्तरावर पुढचा बदल चालवते. ‘ता.’ म्हणजे तालुका, ‘जि.’ म्हणजे जिल्हा आणि ‘ता.जि.’ म्हणजे तालुका व जिल्हा असा तक्ता याच क्रमाने दिला तर ‘ता.जि. धुळे’चे ‘तालुकाजिल्हा धुळे’ होते. स्ट्रटीआर आधी सर्वांत लांब शब्द जुळवते आणि एकदा बदललेल्या भागाला पुन्हा हात लावत नाही, म्हणून ते ‘तालुका व जिल्हा धुळे’ असे बरोबर उत्तर देते. मी तक्त्यांसाठी नेहमी स्ट्रटीआरच वापरतो.

मात्र दोघांनाही शब्दाची सीमा ठाऊक नाही. शेऱ्याच्या स्तंभात ‘अर्ज दिला होता.’ असे वाक्य असेल तर ‘होता.’मधील ‘ता.’ बदलून ‘होतालुका’ होते. म्हणून बदल फक्त पत्त्याच्या स्तंभावर चालवावा. जिथे सीमा लागतेच तिथे टप्पा ४ मधल्या अटींसह प्रेग_रिप्लेस घ्यावे. जुन्या याद्यांतील ‘एदलाबाद’चे ‘मुक्ताईनगर’ करतानाही सीमा लावून, आधी किती ओळी जुळतात ते मोजून मगच पुढे जावे.

सावधान: प्रेग_रिप्लेस अडखळले तर नल, म्हणजे ‘काहीच नाही’, परत देते, आणि प्रेग_मॅच फॉल्स देते. यू खूण असताना एक जरी बाइट फुटका असला तरी असे होते. केळी उत्पादकांच्या एका यादीत मी हे उत्तर न तपासता थेट पत्त्याच्या स्तंभात लिहिले होते आणि फुटक्या ओळींचे पत्ते कोरे झाले. पडद्यावर कोणतीही त्रुटी दिसली नाही. पावत्या छापताना, रावेरकडच्या एका गावाच्या गठ्ठ्यात नावाखाली मोकळी जागा पाहून ते लक्षात आले. मूळ स्तंभ शाबूत होता म्हणूनच ती यादी वाचली. प्रत्येक प्रेग फंक्शनचे उत्तर आधी तात्पुरत्या चलात घ्यावे, ते नल किंवा फॉल्स नाही हे पाहावे आणि असल्यास प्रेग_लास्ट_एरर_एमएसजीचे उत्तर ओळीच्या क्रमांकासह नोंदवहीत लिहावे.

बदलीच्या मजकुरात डॉलर चिन्ह आणि पुढे अंक आला तर तो पकडलेल्या गटाचा निर्देश ठरतो. बदलीचा मजकूर बाहेरून येत असेल तर प्रेग_रिप्लेस_कॉलबॅक वापरावे, म्हणजे तो जसाच्या तसा बसतो.

एचटीएमएलस्पेशलचार्स हे दाखवताना लावावे, साठवताना नव्हे, अन्यथा शोधरूपात ‘&’सारखी सांकेतिक रूपे शिरतात. डेटाबेसमध्ये मजकूर घालताना अवतरणचिन्हे हाताने बदलू नयेत, आज्ञा आणि मजकूर वेगवेगळे पाठवणारे प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापरावे.

## टप्पा ६: पुन्हा पडताळणी आणि डोळ्यांनी वाचन

बदलानंतर टप्पा १ आणि टप्पा ३ पुन्हा चालवावेत. ओळींची संख्या आधीइतकीच आहे का, कोरे झालेले स्तंभ वाढले का आणि एकाही ओळीचे यूटीएफ-८ मोडले नाही ना, ही तीन उत्तरे लेखी घ्यावीत. त्यानंतर फक्त बदललेल्या ओळी जुन्या-नव्या जोडीने छापाव्यात आणि प्रत्येक तालुक्यातील काही ओळी त्या भागातील माणसाकडून वाचून घ्याव्यात. अक्कलकुव्याच्या पाड्यांची नावे जळगावात बसून नीट तपासता येत नाहीत. त्या माणसाने खूण केलेली प्रत्येक ओळ चाचणी फाइलमध्ये घालावी, आणि पुढची यादी आली की सर्वप्रथम ती फाइल चालवावी.